जपानांत जाऊन फ्रेंच जेवावें काय?

जपानची सफर आतां आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवांक्याबाहेरची राहिलेली नाहीं. साकुराचा बहर पाहून परतलेलीं चार-दोन कुटुंबें हल्लीं प्रत्येक गृहसंस्थेंत सांपडतात, आणि परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारीं स्नेह्यासोबत्यांस बोलावून छायाचित्रें दाखविण्याचा कार्यक्रमही ठरलेलाच असतो. अशाच एका कार्यक्रमांत, यजमान आम्हीच असतां, आमच्यावर जो प्रसंग ओढवला त्यांतून प्रस्तुत लेख उद्भवला आहे. “काय काय खाल्लेंत?” असा साधा प्रश्न एका स्नेह्यांनीं केला, आणि आम्हीं सरळपणें सांगून टाकलें कीं, नऊ दिवसांच्या मुक्कामांत तीन वेळां आम्ही फ्रेंच भोजनगृहांत जेवलों. बैठकींत क्षणभर शांतता पसरली. मग ते गृहस्थ म्हणाले, “अहो, फ्रेंचच जेवायचें होतें तर पॅरिस काय ओस पडलें होतें? जपानास जाऊन फ्रेंच जेवणें म्हणजे मालवणांत जाऊन ढोकळा मागण्यासारखें झालें!” मंडळी मनमुराद हसली. आम्हीही हसलों, कारण कोटी बरी साधली होती.

परंतु कोटी साधली म्हणजे मुद्दा सिद्ध झाला असें होत नाहीं. त्या रात्रीं पाहुणे गेल्यावर आम्ही विचार करूं लागलों, तों आमच्या ध्यानांत आलें कीं, या विनोदाच्या पोटांत एक पक्का सिद्धांत दडलेला आहे, आणि तो या एका गृहस्थांचाच नसून बहुतेक सर्व सुशिक्षित प्रवाशांचा आहे. प्रत्येक देशाचें एक अस्सल अन्न असतें. प्रवाशानें तेंच खावें. त्या देशानें बाहेरून जें घेतलें असेल तें नकली समजून टाळावें. असा हा सिद्धांत आहे. वरवर पाहतां तो परदेशाविषयींच्या आदराचा वाटतो. आमच्या मतें तो आदराचा नसून अनादराचा आहे, आणि तें दाखवावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक बारीकशी गोष्ट सांगून टाकतों. आमचे हे स्नेही ज्या मंडळीबरोबर जपानास गेले होते, त्या मंडळीनें आपला आचारी बरोबर नेला होता. फूजी पर्वताच्या पायथ्याशीं बसून ऊन ऊन वरण-भात व बटाट्याची भाजी कशी मिळाली, याची हकीकत त्यांनींच आम्हांस मोठ्या कौतुकानें सांगितली होती. त्यांत गैर कांहीं नाहीं. परमुलखांत पोटाची धास्ती कोणास नसते? परंतु स्वतः घरचा भात खाऊन दुसऱ्यास अस्सल जपानी अन्नाचा उपदेश करणें यालाच आपल्याकडे लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात.

आतां सिद्धांताकडे वळूं. जपानचें अस्सल अन्न म्हणून आपला प्रवासी ज्यांचीं नांवें घेतो त्यांतील तेंपुरा ही तळण्याची रीत सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर तेथें पोंचली, असें सामान्यतः मानतात. हे पोर्तुगीज कोठून आले? त्यांच्या पूर्वेकडील कारभाराचें मुख्य ठाणें आपलें गोवें होतें. फ्रान्सिस झेवियर १५४९ सालीं कागोशिमा येथें उतरला तोही गोव्याहून निघून, मलाक्कामार्गें. पावाला जपानी माणूस ‘पान’ म्हणतो आणि आपण ‘पाव’ म्हणतों. दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दाचीं लेकरें आहेत. रामेन चीनकडून आलें; टोफू आणि चहा हे तर त्याहूनही जुने चिनी पाहुणे. बोटांनीं दाबून केलेली, आज जगभर मिरवणारी सुशी ही एकोणिसाव्या शतकांतील एदो शहराच्या रस्त्यावरची चीज आहे. मग अस्सलपणाची रेघ कोणत्या सालावर ओढावयाची? तेंपुराला साडेचारशें वर्षें झालीं म्हणून तो सोंवळा, आणि फ्रेंच पाकाला दीडशेंच झालीं म्हणून तो ओंवळा, असा कांहीं हिशेब आहे काय? असल्यास आपल्या एकादशीच्या ताटाचें काय करावें, हाही प्रश्न उरतो. बटाटा, शेंगदाणा, मिरची, आणि ज्यापासून आपल्याकडे साबुदाणा करतात तो टॅपिओकाचा कंद, हे चारही अमेरिका खंडांतून आलेले. आणि आपले आजोबा तर त्यांवरच उपास करीत आले!

परंतु फ्रेंच पाक जपानांत कसा रुजला, ही हकीकत तेंपुराच्या हकीकतीहून फार निराळी आणि आमच्या मतें फार हृद्य आहे. तेंपुरा तेथें व्यापाऱ्यांच्या व पाद्र्यांच्या संगतीनें सहज शिरला. फ्रेंच अन्न मात्र एका अपमानित राष्ट्रानें बुद्धिपुरस्सर, दांतओठ खाऊन आपलेंसें केलें. १८५८ च्या सुमारास अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स इत्यादि राष्ट्रांनीं जपानवर जे तह लादले, त्यांनीं परकीय गुन्हेगारावर खटला चालविण्याचा अधिकार जपानी न्यायालयांस उरला नाहीं, आणि आपल्या बंदरांतील जकात स्वतः ठरविण्याची मोकळीकही उरली नाहीं. हे तह फिरवावयाचे तर आपण ‘सुधारलेले’ आहों हें युरोपास पटविणें भाग होतें. आणि त्या काळीं राजदरबारांच्या मेजवान्यांची भाषा फ्रेंच होती. पदार्थांची यादी फ्रेंचमध्यें लिहावयाची, वाढप फ्रेंच रीतीनें करावयाचें, हा लंडनपासून पीटर्सबर्गपर्यंतचा शिष्टाचार होता. जपानच्या राजवाड्यानें तोच स्वीकारला.

ही गोष्ट आज सांगावयास सोपी वाटते. ज्या देशांत ६७५ सालीं तेन्मु सम्राटानें गाय-घोड्यादि प्राण्यांचें मांस खाण्यास मनाई करणारें फर्मान काढलें होतें, आणि पुढें बाराशें वर्षें चतुष्पादांच्या मांसाविषयीं कमीअधिक किळस टिकून होती, त्या देशाच्या सम्राटानें गोमांस भक्षण केल्याचें १८७२ च्या जानेवारींत जाहीर झालें. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं कांहीं पर्वतोपासक साधूंनीं, परक्यांच्या अन्नानें देशाचें सत्त्व भ्रष्ट होत आहे असें म्हणत राजवाड्यांत शिरण्याचा प्रयत्न केला, आणि त्या झटापटींत त्यांतील कित्येक जण ठार झाले. अन्नाचा वाद हा त्यांच्या लेखीं जिवावर उदार होण्याचा वाद होता. आपल्या वाचकांस याचें नवल वाटूं नये. ज्या १८९० सालीं टोकियोंत सरकारी पाहुण्यांसाठीं इंपीरियल हॉटेल उघडलें, त्याच सालीं पुण्यांत पंचहौद मिशनमधील एका पेला चहावरून ग्रामण्य माजलें, आणि टिळक-रानड्यांसारख्या पुढाऱ्यांवरही प्रायश्चित्ताचें लचांड आलें. त्या चहाच्या पेल्याकडे आपण आज हंसून पाहतों. मात्र जपानी माणसाच्या हातांतील काट्याचमच्याकडे पाहतांना आपल्या कपाळावर आठी चढते, ती कां?

फ्रेंच पाकाचा जपानांतील आरंभ १८६८ सालीं टोकियोच्या त्सुकिजी भागांत परकीयांसाठीं उभारलेल्या हॉटेलापासून धरतात. तेथें लुई बेग्यू नांवाचा फ्रेंच आचारी होता. तें हॉटेल १८७२ च्या मोठ्या आगींत भस्मसात् झालें. त्याच आगीनें सेइयोकेन नांवाचें पाश्चात्य भोजनगृहही गिळलें. आणि दैवदुर्विलास असा कीं, त्या भोजनगृहाचा तो उद्घाटनाचाच दिवस होता! दुसरा कोणी असता तर शकुन बरा नाहीं म्हणून हात जोडून मोकळा झाला असता. सेइयोकेनवाल्यांनीं पुन्हां इमारत उभारली, १८७६ मध्यें उएनोच्या बागेंत दुसरी शाखा काढली, आणि ती शाखा आजही चालू आहे. बेग्यू पुढें कोबे बंदरांत गेला. तेथील ओरिएंटल हॉटेलांत १८८९ सालीं एक तरुण इंग्रज वार्ताहर उतरला व तेथील जेवणावर बेहद्द खूष होऊन त्यानें बेग्यूची तोंड भरून स्तुति लिहिली. हा वार्ताहर म्हणजे आपल्या मुंबईंत, जे. जे. कलाशाळेच्या आवारांत, जन्मलेला रड्यर्ड किप्लिंग. मौज अशी कीं, त्याच प्रवासांत नागासाकीच्या बंदरावर विलायती धर्तीचा गणवेश घातलेला जपानी जकात-अधिकारी दिसतांच या गृहस्थाला तें धेडगुजरी रूप पाहून फार विषाद वाटला होता. जपानी माणसानें किमोनोच घालावा. मात्र आपल्याला जेवण फ्रेंच मिळावें! आमच्या स्नेह्यांच्या सिद्धांताचे मूळपुरुष आम्हांस येथें सांपडतात. पौर्वात्यांनीं पौर्वात्यच राहावें, आम्हीं येऊन पाहीपर्यंत बदलूं नये, हा साहेबाचा हट्ट होता. साहेब गेला, आणि तो हट्ट आतां आपण चालवीत आहों. आणि तोही दुसऱ्या एका पौर्वात्य राष्ट्राच्या बाबतींत!

प्रतिपक्षाचा एक मुद्दा आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. या अनुकरणांत एक हास्यास्पद पर्व होतेंच. १८८३ सालीं टोकियोंत जोसाया काँडर या इंग्रज शिल्पज्ञाकडून ‘रोकुमेइकान’ नांवाचा प्रासाद बांधून घेण्यांत आला. परराष्ट्रमंत्री इनोउए काओरु यांच्या पुढाकारानें तेथें नृत्यसमारंभ होत, फ्रेंच जेवणावळी उठत, आणि मंत्र्यांच्या बायका घट्ट कंचुक्या आवळून युरोपीय वकिलांबरोबर वॉल्ट्झ नाचत. वकील मंडळी तेथें जेवून उठत आणि घरीं जाऊन टवाळी करीत. तह कांहीं त्या नाचानें फिरले नाहींत. १८८७ त इनोउए यांस राजीनामा द्यावा लागला. परकीयांच्या न्यायालयीन सवलती सुटल्या त्या १८९९ सालीं आणि जकातीचें स्वातंत्र्य मिळालें तें १९११ त. आणि त्या दोहोंच्या पाठीशीं कायद्याचीं नवीं पुस्तकें, कारखाने व आरमार होतें, पोशाखी नाच नव्हता. रोकुमेइकानची ती वास्तूही पुढें पाडण्यांत आली. दुसऱ्याच्या डोळ्यांत भरावें म्हणून जेवलेलें अन्न अंगीं लागत नाहीं, हें खरें.

पण नाचघर गेलें तरी मुदपाकखाना राहिला. आणि आमच्या सर्व वादाचें मर्म येथें आहे. तो राहिला, कारण दिवाणखान्यांतले लोक देखावा शिकले आणि मुदपाकखान्यांतले लोक काम शिकले. आकियामा तोकुझो या १८८८ सालीं जन्मलेल्या आचाऱ्याचें उदाहरण घ्या. तरुणपणीं तो युरोपास गेला, पॅरिसच्या रिट्झ हॉटेलांत एस्कॉफिएच्या हाताखालीं राबला, आणि परत येऊन राजवाड्याच्या पाकशाळेचा प्रमुख झाला. १९१५ सालीं तैशो सम्राटाच्या राज्याभिषेकाची मेजवानी त्याच्या देखरेखीखालीं झाली, आणि पुढें १९७२ पर्यंत तो राजसेवेंत होता. त्याच्या जीवनावरील कादंबरी तेथें घरोघर वाचली गेली, तिचें दूरचित्रवाणीवर पुनःपुन्हां रूपांतर झालें. ज्या राष्ट्राला एका बबर्चीच्या चरित्रांत आपलेंच चरित्र दिसतें, त्या राष्ट्राला ही पाककला परकी वाटते असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

ही विद्या तेथें इतकी सखोल कां रुजली, याचींही कारणें आहेत. गुरूच्या घरीं वर्षानुवर्षें भांडीं घासून, तांदूळ धुवून, मग कोठें सुरी हातांत घ्यावयाची, ही जपानी कारागिराची जुनी रीत. आणि फ्रेंच पाकशाळेची शिस्तही लष्करी थाटाची. दोहोंचें गोत्र जुळलें. दुसरें असें कीं, दोन्ही पाककला ‘सारा’वर उभ्या आहेत. जपानी आचारी कोंबू नांवाचें समुद्रशेवाळ आणि महिनोन् महिने धुरावून वाळवलेला बोनितो मासा घेऊन कांहीं मिनिटांत ‘दाशी’ काढतो. फ्रेंच आचारी वासराचीं हाडें तासचे तास मंदाग्नीवर ठेवून आपला ‘फाँ’ काढतो. वेळेचें गणित उलटें, पण श्रद्धा तीच: वर दिसतो त्या पदार्थाची चव खालच्या न दिसणाऱ्या पाण्यांत असते. तिसरें, जपानी मेजवानीही एकामागून एक पात्र आणून वाढतात. आपल्याकडे मिठापासून पक्वान्नापर्यंत सर्व ब्रह्मांड एकाच पानांत मांडून ठेवतात आणि मग कोठून आरंभ करावा तें जेवणाऱ्यावर सोंपवितात. त्यामुळें फ्रेंच पंक्तींत आपला माणूस बुचकळ्यांत पडतो, जपानी पडत नाहीं. १९६० सालीं ओसाकांत पाकशाळा काढणारे त्सुजी शिझुओ हे मूळचे वृत्तपत्राचे बातमीदार; त्यांनीं फ्रान्समधील बल्लवाचार्यांशीं असा स्नेह जोडला कीं, पोल बोक्यूज यांच्यासारखे मातबर जपानांत येऊन शिकवूं लागले, आणि जातांना थोडेंबहुत शिकूनही गेले. १९७० नंतरच्या फ्रेंच ताटांतील लहान घास, मोकळी जागा आणि ऋतुमानाचा आग्रह यांवर जपानी मेजवानीची छाया आहे असें पुष्कळ जाणकार मानतात. घेणाऱ्याला देतांही येऊं लागलें म्हणजे त्याला नक्कलकार म्हणत नाहींत.

याहून आम्हांस अधिक आवडतात त्या दोन छोट्या कथा. १९३६ सालीं प्रसिद्ध रशियन गायक शालियापिन टोकियोच्या इंपीरियल हॉटेलांत उतरला असतां त्याचे दांत दुखत होते, आणि मांसाशिवाय तर त्याचें चालेना. तेव्हां तेथील आचाऱ्यानें मांस ठोकून पातळ केलें, बारीक चिरलेल्या कांद्यांत मुरवून मऊ केलें, आणि वर परतलेला कांदा पसरून वाढलें. तो पदार्थ शालियापिनच्या नांवानें आजही तेथें मिळतो. दुसरी कथा योकोहामाची. १९२३ च्या भूकंपांत उद्ध्वस्त झालेल्या त्या शहरांत १९२७ सालीं न्यू ग्रँड हॉटेल उभें राहिलें. तेथील स्विस आचारी साली वाइल यानें प्रकृति बरी नसलेल्या एका पाहुण्यासाठीं भातावर कोळंबी व दुधाची दाट पांढरी पेज घालून, वर चीज पसरून तें भट्टींत खरपूस भाजलें. त्याला ‘दोरिया’ म्हणतात. आज तो पदार्थ जपानांतील शाळकरी पोरें स्वस्त हॉटेलांत चमच्यानें खातात. फ्रान्समध्यें मात्र या नांवाचा असा भात कोणी ओळखत नाहीं. आतां आमच्या स्नेह्यांनीं सांगावें: दुखऱ्या दांतांच्या आणि अशक्त पाहुण्याच्या काळजींतून जन्मलेले हे पदार्थ आम्हीं जपानांत खाऊं नयेत तर कोठें खावेत? पॅरिसांत ते मिळत नाहींत.

साध्या माणसाच्या ताटाचें तर विचारूंच नये. फ्रेंच ‘क्रोकेत’चा ‘कोरोक्के’ झाला आणि खाटकाच्या दुकानांत कागदांत गुंडाळून मिळूं लागला. ‘कोतलेत’चा ‘कात्सु’ झाला. गिन्झांतील रेंगातेइ या १८९५ पासूनच्या भोजनगृहानें डुकराचें मांस तेंपुराप्रमाणें भरपूर तेलांत तळून, सोबत चिरलेला कोबी वाढण्याची रीत पाडली, आणि आज ती सर्वांची झाली. युद्धानंतर सैबेरियाच्या बंदिवासांतून परतलेले मुराकामी नोबुओ पुढें इंपीरियल हॉटेलचे मुख्य आचारी झाले. १९६४ च्या ऑलिंपिकच्या वेळीं क्रीडाग्रामांतील मुख्य आचाऱ्यांत ते होते, आणि दूरचित्रवाणीवरून गृहिणींना फ्रेंच पदार्थ त्यांनीं घरच्या भांड्यांत करून दाखविले. जपानी लग्नसमारंभांतील मेजवानी पुष्कळदां फ्रेंच रीतीची असते. राजवाड्यांतील परराष्ट्रप्रमुखांच्या मेजवान्या आजही त्याच पद्धतीच्या असतात. सम्राटाच्या पंक्तीपासून पोरीच्या लग्नापर्यंत आणि तेथून खाटकाच्या दुकानापर्यंत जें अन्न पोंचलें, तें वगळून जो कोणी ‘खरा जपान’ पाहूं म्हणतो, त्याला जपान नको आहे. त्याला जपानचें चित्र हवें आहे.

आमचा स्वतःचा अनुभव थोडक्यांत सांगतों, कारण तोही साक्षीला उपयोगी आहे. आमच्या सौभाग्यवती मांस-मासे खात नाहींत. जपानी अन्न वरून अत्यंत सात्त्विक दिसतें. परंतु मिसोच्या सारांत, उकडलेल्या पालकावर, टोफूच्या रसांत, सर्वत्र ती माशाची दाशी असते, आणि ‘यांत मांस आहे काय?’ या प्रश्नाला ‘नाहीं’ असें प्रामाणिक उत्तर मिळूनही शाकाहारी मनुष्य फसतो. बौद्ध मठांतील शाकाहारी जेवण उत्तम. पण तें रोज व सर्वत्र लाभत नाहीं. शेवटीं कागुराझाका या टोकियोच्या चढणीच्या भागांत, जेथें जवळच फ्रेंच संस्था असल्यामुळें अशीं भोजनगृहें पुष्कळ आहेत, एका गल्लींतील आठ खुर्च्यांच्या जागेंत आम्हीं दोन दिवस अगोदर निरोप धाडला. उलट प्रश्न आला, “कांदा-लसूण चालतो ना?” या माणसाला पूर्वीं कोणी तरी आपल्याकडचा पाहुणा भेटला असावा! नवरा समोरच्या ओट्याआड रांधीत होता आणि बायको वाढीत होती. ऊन टॉवेल हातांत पडला. मग गोबो या लांबट, मातकट वासाच्या मुळाचें, साय घालून केलेलें सार आलें. लोण्यावर भाजलेले काबु म्हणजे पांढरे सलगम आले, वर युझु नांवाच्या लिंबाच्या सालीचा कीस होता. कोंबडीच्या सारा-ऐवजीं भाज्यांचें सार त्यानें सकाळींच वेगळें काढून ठेवलें होतें. दोन वर्षें तो लियाँ शहरांत शिकला होता, असें त्याच्या बायकोनें आम्हांस सांगितलें. त्यानें स्वतः जेवण संपेपर्यंत तोंड उघडलें नाहीं. निघतांना दोघेंही दाराबाहेर आलीं, आणि गल्लीच्या वळणावर आम्हीं मागें पाहिलें तेव्हांही तीं वांकून उभीं होतीं. आम्ही त्या दिवशीं कोणत्या देशांत जेवलों, याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र शंका नाहीं.

येथें दुसऱ्या एका वर्गाशींही आम्हांस भांडावयाचें आहे. नाहीं तर आम्ही त्यांच्याच पक्षाचे आहों असा गैरसमज व्हावयाचा. हा वर्ग जपानांत फ्रेंच जेवतो तो केवळ ताऱ्यांसाठीं. मिशेलॅं कंपनीनें टोकियोची आपली पहिली मार्गदर्शिका २००७ च्या नोव्हेंबरांत काढली आणि त्या शहरास एकूण १९१ तारे दिले. पॅरिसला त्या वेळीं होते त्याच्या जवळजवळ दुप्पट. सर्वोच्च तीन तारे मिळालेल्या आठ भोजनगृहांपैकीं तीन फ्रेंच होतीं. हा जपानी आचाऱ्यांचा खरोखर गौरव होता, आणि ‘आमच्या अन्नाची पारख फ्रेंचांनीं कां करावी?’ असें म्हणणारे स्वाभिमानी आचारीही त्या वेळीं तेथें निघाले, हें त्यांस शोभलेंच. परंतु आपले कांहीं धनिक बांधव ही यादी हातीं धरून, तीर्थावळीप्रमाणें एकेक ठिकाण उरकीत जातात. ताटापुढें मोबाइल धरतात. आणि काय खाल्लें असें विचारल्यास पदार्थाचें नांव न सांगतां किंमत सांगतात. रोकुमेइकानांत नाचणाऱ्यांची हीच तऱ्हा होती. फरक इतकाच कीं त्यांना निदान तह फिरवावयाचे होते. या मंडळीस आमची सूचना आहे कीं, त्यांनीं तारे सोडून दुपारचें जेवण पाहावें. तोच आचारी, तोच माल, आणि दर पुष्कळदां रात्रीच्या निम्म्याहूनही कमी. बक्षिशीची तर तेथें पद्धतच नाहीं. पांढऱ्या द्राक्षासवाची आवड असणारांनीं यामानाशी प्रांताचें कोश्यू मागवावें. १८७७ सालीं त्या प्रांतांतून दोन तरुण ही विद्या शिकण्यासाठीं फ्रान्सला गेले होते.

उरला तो पॅरिसचा टोमणा. ‘फ्रेंचच जेवायचें तर पॅरिसला जा’ असें आमचे स्नेही म्हणाले. ठीक आहे. तेथें, लूव्हरपासून थोड्याच अंतरावर, ‘केई’ नांवाचें फ्रेंच भोजनगृह आहे. २०२० च्या जानेवारींत त्याला त्याच मार्गदर्शिकेनें तीन तारे दिले. त्याचे मालक व आचारी कोबायाशी केई हे जपानच्या नागानो प्रांतांतले. फ्रान्सच्या भूमीवर हा मान मिळविणारे ते पहिले जपानी. तेव्हां अस्सल फ्रेंच जेवण्यासाठीं पॅरिसला गेलेला आमचा स्नेही तेथें जपानी माणसाच्या हातचें जेवेल, आणि परत येऊन तें अस्सल नव्हतें म्हणून हळहळेल काय?

हा लेख छापून येण्यापूर्वीं आम्हीं त्यांना वाचून दाखविला. ते हसले, आणि ‘मालवणांतला ढोकळा’ मात्र काढूं नका, तेवढा राहूं द्या, असें म्हणाले. म्हणून तो ठेवला आहे. पुढील वर्षीं उभयतां मिळून योकोहामास जावें असें घाटत आहे. तेथें पहिल्याच दिवशीं त्यांना दोरिया खाऊं घालावा असा आमचा बेत आहे. त्यांत भात असतो, तेव्हां आचारी बरोबर नेण्याचें कारण पडूं नये. कोळंबीची गोष्ट मात्र वहिनींच्या कानावर आधींच घातलेली बरी.